मेघाची जन्मकथा

यवतमाळ जिल्ह्यांतील कळंब गांवाचें प्राचीन नांव कदंबपूर असें सांगतात. तेथील चिंतामणि-गणेशाचें देवालय जमिनीच्या पातळीखालीं आहे. गौतम ऋषींच्या शापांतून मुक्त होण्यासाठीं इंद्रानें या देवतेची स्थापना केली, अशी आख्यायिका असून, दर बारा वर्षांनीं तेथील कुंडाचें पाणी वाढून मूर्तीच्या चरणांना स्पर्श करतें, अशी भाविकांची श्रद्धा आहे. मेघांचा अधिपति जो इंद्र, त्याचें नांव कोरडवाहू कपाशीच्या या मुलखांत निघावें, हें स्वाभाविकच होय. मृग नक्षत्र लागलें कीं येथील शेतकऱ्याची दृष्टि आकाशाकडे वळते. मेघ कसा उत्पन्न होतो, हा प्रश्न त्याच्या दृष्टीनें नुसत्या कुतूहलाचा नसून पोटाचा असतो.

हा प्रश्न भारतीयांनीं फार पूर्वींच विचारला होता. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें ‘बृहत्संहिते’मध्यें मेघगर्भाची कल्पना मांडली. हिवाळ्यांत राहिलेला गर्भ १९५ दिवसांनीं पर्जन्यरूपानें प्रसवतो, असें त्याचें गणित होतें. तें आज ग्राह्य नसलें, तरी त्यामागील निरीक्षणाची चिकाटी आदरणीय आहे. कालिदासानें ‘मेघदूता’त मेघाचे घटक म्हणून धूर, तेज, पाणी आणि वारा हे चार सांगितले आहेत.

युरोपांत १६४८ सालीं पास्कालच्या सूचनेवरून फ्रान्समधील एका पर्वतावर वायुभारमापक नेण्यांत आला, आणि उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो हें सिद्ध झालें. १८०२ सालीं लंडनच्या ल्यूक हॉवर्ड या औषधी-रसायनांच्या व्यावसायिकानें ढगांचे प्रकार पाडून त्यांना लॅटिन नांवें दिलीं; त्यांतील पुष्कळ अद्याप रूढ आहेत. पुढें १८७५ मध्यें फ्रान्समधील कूलिए यानें व १८८० मध्यें स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यानें दाखविलें कीं, हवेंत धुळीचे सूक्ष्म कण नसतील तर वाफेचे थेंब सहसा जमत नाहींत. कालिदासाच्या धुराची येथें आठवण होते. मात्र तेवढ्यावरून प्राचीनांना हें शास्त्र अवगत होतें असें म्हणणें उचित नव्हे.

या शोधांतून निघणारा कार्यकारणभाव सरळ आहे. तापलेली दमट हवा वर चढते. वरचा दाब कमी असल्यामुळें ती प्रसरण पावते व दर किलोमीटरमागें सुमारें १० अंश सेल्सिअसनें थंड होते. थंड हवेंत वाफ मावत नाहीं; ती मीठ, धूळ वा धूर यांच्या कणांभोंवतीं सांद्रित होऊन पाण्याचे सूक्ष्म बिंदु बनतात. असे सुमारें दहा लक्ष बिंदु एकत्र आले म्हणजे पावसाचा एक थेंब होतो. अरबी समुद्रावरील वारे आपलें बरेंचसें पाणी सह्याद्रीवरच सोडून येतात. त्यामुळें कळंबच्या शेतांना बंगालच्या उपसागरांत उठून पश्चिमेकडे सरकणाऱ्या न्यूनदाबांचा मोठा आधार असतो. तीं वळलीं कीं पेरणी वाळते.

मेघाला बाहेरून साह्य देण्याचा प्रयत्नही महाराष्ट्रांत झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनें १९७३ ते १९८६ या काळांतील अकरा पावसाळ्यांत बारामतीच्या परिसरांत विमानांतून ढगांमध्यें मिठाची पूड सोडली, आणि वृष्टि सुमारें २४ टक्के वाढल्याचा निष्कर्ष काढला. परंतु ढग असेल तरच हा उपाय चालतो. निरभ्र आकाशांतून पाणी काढण्याची विद्या कोणालाही साधलेली नाहीं. मेघाला बोलावणें मनुष्याच्या हातीं नाहीं. आलेल्या मेघाचें पाणी शेतांत व विहिरींत मुरविणें मात्र त्याच्याच हातीं आहे.