लाट येईपर्यंतचे अडीच तास

२६ डिसेंबर २००४. रविवार, मार्गशीर्षातली पौर्णिमा, नाताळचा दुसरा दिवस. तमिळनाडूतल्या वेलांकण्णीच्या चर्चमध्ये भाविकांची गर्दी होती, चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर पोरं क्रिकेट खेळत होती, कोळीवाड्यांत होड्या परतायची वाट बघत बायका टोपल्या घेऊन पुळणीवर उभ्या होत्या.

किल्लारीच्या लोकांना ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा एका मिनिटाचीही सवड मिळाली नव्हती. भूकंप सांगून येत नाही. त्सुनामीचं तसं नाही. भूकंप झाल्यावर लाट दूरच्या किनाऱ्याला लागायला वेळ लागतो आणि त्या रविवारी तमिळनाडूच्या वाट्याला जवळजवळ अडीच तास आले होते. ते कुठे आणि कसे गेले, हे वीस वर्षांनंतरही तासातासाने तपासून पाहायला हवं. पुढच्या सगळ्या वेळा भारतीय घड्याळाच्या आहेत.

सकाळी ६.२९

इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाजवळ, समुद्राखाली सुमारे ३० किलोमीटर खोलीवर भूकंप झाला. भारतीय भूपट्ट तिथे शेजारच्या भूपट्टाखाली सरकत असतो. शतकानुशतकं साठलेला ताण सुटला आणि भेग उत्तरेकडे धावली. निकोबार, मग अंदमान असा १२०० किलोमीटरहून लांब पट्टा आठ-दहा मिनिटांत उकलला. तीव्रता ९.१. चेन्नईतही इमारती हलल्या. लोक खाली उतरले, थोडा वेळ थांबले आणि चहा घ्यायला परत वर गेले. धक्का जमिनीचा होता, तेव्हा समुद्राकडे बघायचं कोणाच्या डोक्यात येणार?

समुद्रतळ काही मीटर उचलला गेल्यामुळे त्यावरचं सगळं पाणीही उचललं गेलं. खोल दर्यात ही लाट विमानाच्या वेगाने, ताशी ७०० ते ८०० किलोमीटर पळते, पण तिची उंची नजरेत भरत नाही. भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी जेसन-१ हा उपग्रह हिंदी महासागरावरून गेला, तेव्हा त्याने मोजलेली लाट जेमतेम ६० सेंटिमीटर होती. होडीत बसलेल्याला पायाखालून काय गेलं ते कळत नाही. म्हणूनच त्या दिवशी खोल समुद्रात असलेले कितीतरी मच्छीमार सुखरूप राहिले. परत आले तेव्हा किनाऱ्यावर त्यांचं घर नव्हतं.

६.४० च्या सुमारास

भूकंपाच्या केंद्राला सगळ्यांत जवळचं मोठं बेट सिम्युलुए. वस्ती सुमारे ७८ हजार. तिथे १९०७ साली अशीच लाट येऊन गावंच्या गावं वाहून गेली होती. त्या लाटेला तिथे ‘स्मोंग’ म्हणतात, आणि आज्यांनी ही गोष्ट नातवंडांना सांगायचं कधी सोडलं नाही. जमीन जोरात हलली, समुद्र आत गेला, तर डोंगराकडे पळा. सामान घेऊ नका. त्या सकाळी त्यांना जेमतेम दहा मिनिटं मिळाली. फोन नव्हता, भोंगा नव्हता. बेटावर मेले ७.

तिथून जवळच, सुमात्राच्या मुख्य भूमीवर, आचे प्रांतात लाट पोहोचली तेव्हा सात वाजायचे होते. इंडोनेशियात दीड लाखाहून अधिक माणसं गेली. स्मोंगची स्मृती तिकडे उरली नव्हती.

६.४४

हवाई बेटांवरच्या पॅसिफिक त्सुनामी वॉर्निंग सेंटरने पहिलं निवेदन काढलं: तीव्रता ८.०, प्रशांत महासागराला धोका नाही. निवेदन त्यांच्या कामाच्या चौकटीत बरोबर होतं. हिंदी महासागरासाठी ना केंद्र होतं, ना समुद्रात यंत्रं, ना कोणाला फोन करायचा याची यादी. ७.३४ ला दुसरं निवेदन आलं, तीव्रता ८.५ वर गेली होती. तेवढ्या वेळात आचे उद्ध्वस्त होऊन गेलं होतं.

साडेसात

कार निकोबारच्या हवाई दल तळावर पाणी शिरलं. तेव्हाचे हवाई दल प्रमुख एस. कृष्णस्वामी यांनी नंतर वर्तमानपत्राला सांगितलं, की साडेसातला त्यांना भूकंपाची खबर मिळाली, आणि संपर्क तुटण्याआधी तळावरून आलेला शेवटचा निरोप बेट बुडतंय, सगळीकडे पाणी आहे, असा होता. तळावरचे शंभराहून अधिक जवान आणि त्यांचे कुटुंबीय गेले.

भारताच्या भूमीवर लाट आलेली होती, ती आल्याचं भारताच्या एका यंत्रणेला कळलेलं होतं, आणि चेन्नई अजून तासाभराहून जास्त दूर होती. सगळ्या घटनाक्रमात मला सर्वांत जास्त सलतो तो हा तास. सव्वाआठला हवाई दल प्रमुखांनी संरक्षण मंत्रालयाला कळवायला सांगितलं. हवामान खात्याचा पहिला फॅक्स ८.५४ ला निघाला, तोही मे महिन्यातच पद सोडलेल्या आधीच्या मंत्र्यांच्या नावे. कॅबिनेट सचिवालयाला खबर पोहोचायला साडेदहा वाजले. आपत्ती व्यवस्थापन गटाची बैठक दुपारी एकला बसली.

यात कोणी आळस केला असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. प्रत्येक जण आपल्या वरच्याला कळवत होता. खाली, पुळणीवर उभ्या असलेल्या बाईला कळवायचं काम कोणाचंच नव्हतं.

साडेआठच्या पुढे

पुद्दुचेरीजवळ नल्लवाडू नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथला एक तरुण सिंगापूरला कामाला होता. बातम्यांत भूकंप आणि लाटांबद्दल ऐकून त्याने घरी फोन केला. बहीण म्हणाली, समुद्राचं पाणी दारापर्यंत येतंय. तो म्हणाला, लगेच निघा, सगळ्यांना सांगा.

त्या गावात एम. एस. स्वामिनाथन रिसर्च फाउंडेशनने ज्ञानकेंद्र चालवलं होतं. तिथल्या लाउडस्पीकरवरून रोज मच्छीमारांना वारा कसा आहे, लाटा किती आहेत, हे सांगितलं जाई. रविवार असल्यामुळे केंद्र बंद होतं. गावकऱ्यांनी दार फोडलं, भोंगा वाजवला आणि लाउडस्पीकरवरून ओरडून गाव रिकामं करायला सांगितलं. रोजचा ओळखीचा आवाज असल्यामुळे लोकांनी तो मानला. साडेतीन हजारांवर वस्तीचं गाव. दीडेकशे घरं आणि दोनेकशे होड्या गेल्या. माणूस एकही गेला नाही.

नऊच्या सुमारास

चेन्नई, कडलूर, नागपट्टिनम. कित्येक ठिकाणी पहिली लाट येऊन ओसरली आणि मग समुद्र कधी नव्हे इतका आत गेला. उघड्या पडलेल्या तळावर मासे तडफडत होते. पोरं ते गोळा करायला धावली, मोठी माणसं नवल बघायला उतरली. पुढची लाट त्यांच्यावर आली.

एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक लोक मेले. कडलूरमध्ये बायकांचे मृत्यू पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट असल्याचं ऑक्सफॅमने नंतर नोंदवलं. पुरुष होडीवर होते. मासळी उतरवून घ्यायला बायका किनाऱ्यावर होत्या, कडेवर मूल होतं, पोहता येत नव्हतं. देशभरात मृत आणि बेपत्ता मिळून आकडा सोळा हजारांवर गेला.

दुपारी बारा

नागपट्टिनम उद्ध्वस्त झालेलं देश टीव्हीवर बघत होता आणि लाट कन्याकुमारीला वळसा घालून केरळकडे येत होती. कोल्लम जिल्ह्यातल्या आलप्पाड या चिंचोळ्या पट्टीवर ती भर दुपारी आली आणि शंभराहून अधिक माणसं घेऊन गेली. भूकंपाला पाच तास होऊन गेले होते. गोव्यात मुरगाव बंदराच्या भरतीमापकावरही ती उमटली. आणखी पुढे, आफ्रिकेत, केनियाने बातम्या बघून किनारे रिकामे केले. तिथे एक माणूस दगावला. उत्तरेला सोमालियात, जिथे सांगणारं सरकारच नव्हतं, तिथे सुमारे तीनशे.

३० डिसेंबर

चार दिवसांनी गृह मंत्रालयाने पुन्हा लाट येईल असा इशारा दिला, एका परदेशी कंपनीच्या भाकितावर विसंबून. लाखो लोक परत पळाले, मदतकार्य थांबलं, लाट आली नाही. आधी इशाराच नाही, मग खोटा इशारा. लोकांचा विश्वास अशानेच जातो, आणि तो पुढच्या वेळी लागतो.

त्यानंतर

ऑक्टोबर २००७ मध्ये हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेत भारताचं स्वतःचं त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा पहिलं निवेदन आठ मिनिटांत निघालं. म्हणजे भूकंप ते मंत्रालय हा रस्ता आता चांगला झाला आहे. मंत्रालय ते पुळण हा रस्ता गावागावाने बांधावा लागतो. ओडिशाने तो बांधायला घेतला. गंजाममधलं वेंकटरायपूर आणि जगतसिंहपूरमधलं नोलियासाही या दोन गावांना २०२० मध्ये युनेस्कोने ‘त्सुनामी-सज्ज’ म्हणून मान्यता दिली: कुठून कुठे पळायचं याचे नकाशे लावलेले, फलक उभे, सराव ठरलेला.

आपल्याकडे, कोकणात, हा धोका पूर्वेच्या लोकांचा आहे असं समजलं जातं. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे आजच्या पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला होता. काही तासांनी, सकाळी, मुंबईला सुमारे दोन मीटरची लाट लागली आणि माणसं वाहून गेली. तो भूपट्टांचा सांधा आजही तिथेच आहे. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या खाड्या, जेट्या, कोळीवाडे आणि शनिवार-रविवारी फुलणारे किनारे त्याच अरबी समुद्रावर आहेत. त्यातल्या पर्यटकाला तर डोंगराची वाटही ठाऊक नसते.

किनाऱ्यावर असताना जमीन जोराने आणि बराच वेळ हलली, किंवा ओहोटीची वेळ नसताना पाणी आत गेलं, तर मोबाइलवर निरोप येण्याची वाट बघू नका. उंचावर चढा. डोंगर नसेल तर पक्क्या बांधकामाच्या इमारतीचा तिसरा मजला गाठा. गाडी काढत बसू नका, रस्ता तुंबतो. खाडीच्या काठाने पळू नका, लाट खाडीतूनच आत शिरते. पहिली लाट ओसरली म्हणून खाली येऊ नका. पुढच्या लाटा तासन् तास येत राहतात. होडी खोल पाण्यात असेल तर बंदराकडे वळवू नका.

आणि तुमचं गाव किनाऱ्यावर असेल तर येत्या ग्रामसभेत हे विचारा: गावात भोंगा आहे का, तो चालतो का, रविवारी त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, वाडीतल्या म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना उचलून न्यायला कोण येणार? ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन. त्या दिवशी आपल्या गावात सराव व्हावा, असा अर्ज तहसीलदारांकडे लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.