जामखेड: पाणी, भाकरी आणि आरोग्य

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. हा तालुका अवर्षणाचा. 1971 च्या सुमारास या परिसरात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी 176 बालके वर्षाच्या आतच दगावत. हगवण, धनुर्वात, उपासमार ही त्यामागची कारणे. यांतले बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे होते, पण केवळ दवाखाना काढून टळणारे नव्हते.

लवकरच 1972 चा दुष्काळ आला. लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती, अन्नपाण्याची होती. गावोगावच्या शेतकरी मंडळांच्या मदतीने लहान मुलांसाठी सामूहिक स्वयंपाक सुरू झाला, विंधनविहिरी घेतल्या गेल्या. हातपंप शक्यतो दलित वस्तीत बसवण्याचा आग्रह आरोळ्यांनी धरला. सवर्णांच्या विहिरीवर ज्यांना घागर बुडवता येत नव्हती, त्यांच्याच दारी आता सगळे गाव पाण्याला येऊ लागले. स्वच्छ पाण्याने रोग आटोक्यात आले, आणि त्याच पंपाने अस्पृश्यतेलाही धक्का दिला. प्रकल्पाचे सारे मोल या एका निर्णयात दिसते.

गावांत बाहेरून नर्स नेमण्याचा सुरुवातीचा प्रयत्न फसला. मग गावानेच आपल्यातली एखादी बाई निवडायची, असे ठरले. या आरोग्य कार्यकर्त्या बहुतेक निरक्षर होत्या. अनेक जणी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. ठरावीक दिवशी त्या जामखेडला मुक्कामी येत, एकत्र जेवत, शिकत आणि गावी जाऊन शिकवत. गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, हगवणीत मीठ-साखरेचे पाणी, मुलांचे वजन ही कामे त्यांच्या हातात आली. डॉक्टरकी ही डॉक्टरांचीच मिरास, हा समज या बायकांनी मोडला. महिला मंडळांतून बचत आणि छोटे धंदे उभे राहिले, तसा त्यांच्या शब्दाला घरातही मान मिळू लागला.

पुढच्या तीन दशकांत बालमृत्यूचे प्रमाण हजारी तीसच्या खाली आले. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागातून चाललेल्या आरोग्यकार्यांवर काढलेल्या ग्रंथात जामखेडचा समावेश झाला, आणि 1978 च्या अल्माआटा परिषदेतील प्राथमिक आरोग्यसेवेच्या विचाराला या अनुभवाचे बळ मिळाले. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार लाभला. सरकारने 2005 मध्ये ‘आशा’ योजना आणली, तेव्हा गावातलीच बाई आरोग्यासाठी नेमण्याची जामखेडची रीत देशभर पोहोचली.