कवटीखालची अक्षरे

विजेच्या खांबावर किंवा कारखान्यातल्या मोठ्या पेटाऱ्यावर कवटी आणि दोन हाडांची लाल पाटी असते, ती आपण सर्वांनी पाहिलेली आहे. तिच्याखालची अक्षरे कोणत्या भाषेत असावीत हे कायद्याने ठरवून दिले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला पस्तिसावा नियम सांगत असे की, मध्यम आणि त्याहून अधिक दाबाच्या ठिकाणी धोक्याची सूचना हिंदीत किंवा इंग्रजीत, आणि त्याबरोबर जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत लावावी. आयटीआयमध्ये आमच्या मास्तरांनी हा नियम शिकवला तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "सर, आमच्या जिल्ह्याची स्थानिक भाषा कुठली?" वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी फळा पुसला आणि पुढचा नियम घेतला.

योगायोग असा की, हे नियम झाले त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. पुढच्याच वर्षी म्हैसूरचे वीज मंडळ स्थापन झाले. १९७३ साली राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि त्यामागून मंडळाचेही नाव बदलले. नंतर १९९९ आणि २००२ साली आणखी नवी नावे आली. नावे बदलली तरी तारेतला दाब तोच राहिला. पाट्यांचे तसे नव्हते.

आमच्या जिल्ह्याला यंत्रशक्तीचे कौतुक फार जुने. गोकाकच्या धबधब्यावर घटप्रभेच्या पाण्याच्या जोरावर १८८७ साली सूतगिरणी चालू झाली. शिवनसमुद्रची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोचली ती त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०२ मध्ये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे दुकान काढले ते बेळगावात. १९१० साली त्यांनी कारखाना कुंडलला नेला नसता तर काय झाले असते, यावर आमच्याकडे अजूनही चहाच्या दोन फेऱ्या होतात. असो. त्यांच्या चिरंजीवांनी १९४६ साली बंगलोरला विजेच्या मोटरींचा कारखाना काढला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा उघडली ती मोटर त्याच नावाची होती.

१९७४ साली मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत वायरमनचा मदतनीस म्हणून लागलो. माझे मिस्त्री पन्नाशीचे होते. लाकडी पट्टीवरचे केसिंग-कॅपिंग, शिशाच्या कवचाची केबल, सगळे त्यांच्या हातचे. त्यांनी मला शिकवलेले बहुतेक कुठल्याच पुस्तकात सापडले नाही. मोटरीला हात लावायचा तो उलट्या हाताने, कारण झटका बसला तर बोटे मिटतात. पंजा सरळ असला तर तार मुठीत धरली जाते, उलटा असला तर हात सुटतो. अर्थिंगच्या खड्ड्यात तांब्याची पत्री पुरताना कोळसा आणि मीठ थराथराने घालायचे आणि उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी पाजायचे. "झाडाला घालतोस तसं घाल की रे," ते म्हणत.

१९७८ च्या पावसाळ्यात रात्रपाळीला भट्टीच्या ब्लोअरचा स्टार्टर गुरगुरू लागला. मिस्त्रींनी मेन स्विच खाली ओढला, दांड्याला पत्र्याची पाटी अडकवली आणि स्टार्टर उघडून येणाऱ्या तारांचे नट आवळायला घेतले. पाटीवर खडूने लिहिले होते : काम चालू आहे, स्विच लावू नये. अक्षर वळणदार होते. मी टॉर्च धरून उभा होतो. मेन स्विच भिंतीच्या पलीकडे होता.

भट्टी थंडावते म्हणून मुकादमाने एका पोराला ब्लोअर बघायला पिटाळले. तो सौंदत्तीकडचा, कामाला लागून तीन आठवडे झालेला. चौथीपर्यंत शिकला होता, पण कन्नडमध्ये. दांडा खाली पडलेला त्याला दिसला, पाटीही दिसली. पाटी त्याने वाचायचा प्रयत्न केला, असे त्याने मला नंतर सांगितले. मग त्याने दांडा वर केला.

तो आवाज मला सांगता येणार नाही. मिस्त्री मागे फेकले गेले. त्यांचा उजवा हात काळा पडला होता आणि छाती हलत नव्हती.

त्याच नियमांत चव्वेचाळीसावा नियम होता : झटका बसलेल्या माणसाला शुद्धीवर कसे आणावे याचा तक्ता दर्शनी जागी लावावा, आणि तोही स्थानिक भाषेसह. आमच्याकडे तक्ता होता, पण नुसता इंग्रजी. आमच्यापैकी कोणालाच तो वाचता येत नव्हता. परंतु त्यावर चित्रे होती. पालथा झोपवलेला माणूस, त्याच्या पाठीवर दोन्ही तळवे टेकून गुडघ्यावर बसलेला दुसरा. जेवणाच्या सुट्टीत चार वर्षे मी ती चित्रे पाहत होतो. मी मिस्त्रींना पालथे केले आणि चित्रातल्यासारखे दाबू लागलो. हल्ली ही पद्धत शिकवत नाहीत, उताणे निजवून छाती दाबायला सांगतात. तेव्हा तीच होती. किती वेळ गेला ते ठाऊक नाही. समोर बसून मिस्त्रींचे डोके धरून ठेवणारा तोच पोरगा होता, आणि तो कन्नडमध्ये सारखे काहीतरी म्हणत होता. मिस्त्रींनी श्वास घेतला तेव्हा मला ते शब्द कळले. तो एक ते दहा मोजत होता. मी त्याच तालावर दाबत होतो.

मिस्त्री वाचले. दोन बोटे गेली.

पुढे चौकशी झाली. मराठी कामगार म्हणाले, इथे काम करायचे तर पोराने मराठी शिकावे. कन्नड कामगार म्हणाले, पाटी कन्नडमध्ये हवी होती. दोन्ही बाजूंचे पुढारी गेटवर येऊन गेले. पोराला काढावे की मिस्त्रींना ताकीद द्यावी, यावर कचेरीत आठवडा गेला. तक्ता इंग्रजीत का, हे कोणी विचारले नाही. मिस्त्री हाताला फडके बांधून परत आले तेव्हा त्यांना मी म्हटले, आता दोन्ही भाषांत पाटी रंगवू या. त्यांनी डाव्या हाताने मेन स्विच उघडला, आतले चिनी मातीचे तिन्ही किटकॅट उपसले आणि माझ्या खाकी पँटच्या खिशात कोंबले. "भाषा नको की रे. हे खिशात घाल आणि मग वर चढ."

त्या दिवसापासून फ्यूज खिशात घेतल्याशिवाय मी तारेला हात लावला नाही. पाटीही रंगवली. कन्नड अक्षरे त्या पोरानेच मला गिरवायला शिकवली : केलसा नडेदिदे. मी त्याला मराठी शिकवले. १९८६ च्या आंदोलनात गावात पाट्यांना डांबर फासले गेले, तेव्हा कारखान्याबाहेरच्या खांबावरच्या पाटीलाही कोणीतरी फासले. अक्षरे झाकली गेली, कवटी तेवढी उरली.

सीमेचा त्रास परवान्यातही होता. वायरमनचा परवाना राज्य सरकार देते. शिनोळी बेळगावच्या इतकी जवळ की सायकलने जावे, पण ती महाराष्ट्रात. तिथले काम मिळाले की मी तिकडच्या परवानाधारकाच्या सहीखाली काम करी. तार मी ओढायची, सही त्यांची.

१९९७ मध्ये कचेरीत संगणक आले आणि मालकांनी मला त्यांच्या तारा ओढायला सांगितले. वय त्रेचाळीस, चष्मा नुकताच लागलेला. आधी जाड काळी केबल होती, प्रत्येक संगणकामागे टीच्या आकाराची जोडणी आणि दोन टोकांना पन्नास ओहमची टोपी. एक जोडणी सैल झाली की सगळी रांग मुकी; गणपतीच्या माळेतला एक दिवा गेला की होते तसे. मग आठ तारांची केबल आली. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी : हा क्रम मी पाढ्यासारखा पाठ केला. या तारा जोडीजोडीने पिळलेल्या का असतात, हे समजल्यावर मात्र मला मनापासून आनंद झाला. शेजारच्या तारेतला गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो, म्हणून शेवटी वजा होऊन जातो. ही युक्ती ग्रॅहॅम बेलने १८८१ सालीच पेटंट केली होती. टोकाला पीळ अर्ध्या इंचाहून अधिक सोडायचा नाही आणि एकूण लांबी शंभर मीटरवर न्यायची नाही. शहरातून आलेल्या पोरांनी एका शेडमध्ये ही केबल मोटरीच्या केबलला बांधून नेली होती. भट्टी चालू झाली की संगणक अडखळत. मी ती सोडवून हातभर दूर नेली आणि जिथे ओलांडणे भाग होते तिथे काटकोनात ओलांडली.

या तारेत जीव घेण्याइतका दाब नाही, म्हणून पहिली काही वर्षे मी निर्धास्त होतो. मग त्याच तारेवरून मशीन चालू-बंद होऊ लागल्या. एका संध्याकाळी मी कन्व्हेयरच्या मोटरीचे झाकण काढायला वाकलो तर पट्टा आपोआप हलला. कचेरीतल्या मुलीने पडद्यावर कळ दाबली होती. तिच्यापुढे ना दांडा होता ना पाटी. नशिबाने माझे बोट अजून बाहेर होते, आणि किटकॅट मात्र त्या दिवशी खिशात नव्हते. त्या पॅनेलला किटकॅट नव्हतेच. फ्यूजच्या जागी ब्रेकर आले होते.

दुसऱ्या दिवशी बाजारातून मी सहा कुलपे आणली. ब्रेकरचा दांडा खाली करून कुलूप घालायचे आणि किल्ली खिशात. स्टोअरच्या माणसाने बिलावर कारण विचारले. सौंदत्तीचा पोरगा तोवर माझा सहायक होऊन त्याचे केस पिकले होते. त्याने मला बाजूला सारले आणि बिलावर स्वतःच लिहिले. आधी मराठीत, खाली कन्नडमध्ये.

मिस्त्रींचे ते तीन किटकॅट माझ्याकडे आहेत. खंडेनवमीला पकड, मेगर आणि क्रिम्पिंगच्या चिमट्याशेजारी मी ते मांडतो. एकाची चिनी माती कोपऱ्यात काळी आहे. ती घासून जात नाही.