बत्ती धरणारे

'टेंभा मिरवणे' हा वाक्प्रचार शाळेत मास्तरांनी फळ्यावर लिहून दिला होता. अर्थ : बढाई मारणे. वाक्यात उपयोग करा. मी केला, मार्क मिळाले. पण डोक्यात जो किडा वळवळायला लागला तो अजून थांबला न्हाई. टेंभा म्हंजे काठीला चिंध्या गुंडाळून तेलात बुडवलेली मशाल. ती ज्याच्या हातात असते तो काय मिरवणार? त्याच्या नाकात धूर जातो, तेल मनगटावरनं कोपरापर्यंत ओघळतं. मिरवतो तो मागचा, घोड्यावरचा नाहीतर पालखीतला. पण बढाईचा आळ मात्र टेंभ्यावर. दिवट्याचंही तेच. दिवट्या म्हंजे मशाल धरून पुढं चालणारा माणूस, मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द सापडतो. आज 'दिवटे चिरंजीव' म्हटलं की बापाच्या नावाला बट्टा लावणारं पोरगं. उजेड धरणाऱ्याची शिवी करून टाकणारी ही आपली मायमराठी.

दोस्तहो, तमाशाचा इतिहास लिहिणारे पुष्कळ झाले. शाहिरांवर लिहिलं, लावणीवर लिहिलं, ढोलकीवर लिहिलं. सिनेमाच्या इतिहासाची तर कपाटं भरलीत. पण रात्रभर चाललेला वग लोकांना दिसला कशानं, हे कुणी विचारलं न्हाई. मी सूतगिरणीत रात्रपाळी करणारा माणूस आहे. उजेड आपसूक पडत नसतो, तो कुणीतरी पाडत असतो, आणि त्याचा हिशोब कुणाच्यातरी पगारातनं वळता होतो, हे मला कळतं. मुंबईच्या गिरण्यांत १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले. तोवर सूर्य बुडाला की साचे थांबायचे. दिवे आले आणि मालकांनी कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर नेला. मजूर चिडले, रस्त्यावर आले, दगडफेक झाली. पुढं १९११ च्या कायद्यानं कापड गिरणीतल्या पुरुषाचे तास बारावर आणले. तेव्हा उजेड म्हंजे ज्ञान आणि प्रगती, असं कुणी व्यासपीठावरनं बोलायला लागलं की मी आधी विचारतो, बटन कुणाच्या हातात आहे?

आता नारायणगावाकडं चला. जुन्नर तालुका, मीना नदीचा काठ, पुणे-नाशिक रस्ता. ह्याला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या आसपास फडमालकांच्या राहुट्या इथं लागतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात, गादीवर बसतात, चहा पितात, सुपारी ठरते. दसऱ्याला सुरू झालेला हंगाम बुद्धपौर्णिमेच्या आसपास उतरतो. २०२० च्या पाडव्याला टाळेबंदी लागली तेव्हा हा बाजारच उठला आणि शेकडो पोटांची चूल विझली, हे तुमच्या डोळ्यांदेखत झालंय.

ह्याच गावच्या नावानं भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड गाजला. भाऊंची पोर विठाबाई. जन्म १९३५, मृत्यू १५ जानेवारी २००२. राष्ट्रपतींच्या हातून तिचा दोनदा सन्मान झाला, १९५७ आणि १९९० साली. तिच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सरकार २००६ पासून देतंय. नऊ महिन्यांची गरोदर बाई नाचता नाचता कनातीमागं गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि परत बोर्डावर आली, ही हकिकत सगळा महाराष्ट्र सांगतो. सांगताना सांगणाऱ्याचा आवाज कौतुकानं भरून येतो. मला त्यात कौतुक दिसत न्हाई. मला एवढंच दिसतं की सगळी बत्ती कनातीच्या पुढं होती. मागं एक बाई अंधारात चाचपडत दगड शोधत होती.

आधी पलिते, हिलाल, टेंभे. मग गॅसबत्ती आली, पेट्रोमॅक्स. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आता बत्ती पेटवता येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी उरलीत. आधी मेंटल बांधायचं. मेंटल म्हंजे रेशमासारखी बारीक जाळीची पिशवी. ती एकदा जळाली की नुसती पांढरी राख उरते, आणि तीच राख पुढं उजेड देते. राखेला धक्का लागला, पाखरू आपटलं, की खेळ खलास. खालच्या वाटीत स्पिरिट पेटवून नळी तापवायची, मग पंप मारायचा. तापलेल्या नळीतनं रॉकेलची वाफ होऊन वर जाते आणि मेंटल धगधगतं. भोकात काजळी धरली तर पिन फिरवायची. आणि हवा उतरत राहते, म्हणून मधनंमधनं बत्ती खाली घेऊन पुन्हा पंप मारावा लागतो.

माझे एक चुलते फडात बिगारी होते, बत्तीचं काम त्यांच्याकडं. ते सांगायचे, "आरं, पंप कवा मारायचा ह्यातच सगळी अक्कल. राजाचा दरबार लागलेला आस्ताना बत्ती खाली घेतली तर म्होरल्या रांगंतनं चप्पल येती. बतावणी चालू झाली, सोंगाड्यानं हशा काढला, का त्येवढ्यात मारून घ्यायचा." म्हंजे अख्खा वग त्यांना पाठ होता. कुठं गर्दी रडणार, कुठं हसणार, कुठल्या वाक्याला सरदार तलवार काढणार, सगळं. पुण्याच्या नाट्यगृहातला प्रकाशयोजनाकार हातात संहिता घेऊन जे करतो तेच हा निरक्षर माणूस दोरीला लटकलेल्या बत्तीवर करत होता. त्याला प्रकाशयोजनाकार म्हणत न्हाईत. त्याला 'ए बत्ती' म्हणतात.

इथं कुणी म्हणंल, मशाल धरणं हे आपल्याच जातींवर लादलेलं होतं. तसं सरसकट लिहू नका. इंग्रजांची गॅझेटियरं चाळली तर ते काम बऱ्याच ठिकाणी न्हाव्याकडं दिसतं. आपल्याकडं होतं ते वतनाच्या वेठीतलं ओझं, सरकारी अंमलदाराला रात्रीअपरात्री वाट दाखवणं. पण गॅसबत्ती आली आणि ती वरातीत डोक्यावर वाहून न्यायची वेळ आली, तेव्हा ते डोकं कुणाचं असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. नवरदेवाचा चेहरा उजळतो. बत्तीखालच्या बाईचा चेहरा बत्तीच्याच बुडाच्या सावलीत राहतो.

सिनेमाचं बघा. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. शूटिंग सूर्याच्या उजेडात. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या, फिल्मला भोकं पाडायच्या आणि उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या, नटाच्या तोंडावर उजेड परतावा म्हणून. म्हंजे ह्या देशातल्या सिनेमाचा पहिला लाइटमन ही एक बाई आहे! १९५६ मध्ये 'अपराजितो'साठी सुब्रत मित्रांनी पांढरं कापड ताणून त्यावरनं उजेड परतवला आणि त्याची जगभर वाहवा झाली. मित्र मोठेच, वाद न्हाई. पण कापड धरून उन्हात उभं राहणारी बाई चाळीस वर्षं आधी होऊन गेली होती.

कोल्हापूरला बाबूराव पेंटर, मूळचे मेस्त्री. सुतारकी आणि चित्रकलेच्या हातांनी त्यांनी स्वतः कॅमेरा बनवला. १९२३ च्या त्यांच्या 'सिंहगड'मध्ये कृत्रिम प्रकाश वापरला गेला, ही नोंद इतिहासात आहे. त्यांच्या कंपनीतनं निघालेल्या मंडळींनी १९२९ ला 'प्रभात' काढली, १९३३ ला ती पुण्यात आली. 'प्रभात' बंद पडल्यावर १९६० साली त्याच आवारात सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. कारागीर आधी आला, पदवी मागनं आली. आणि पदवी आल्यावर कारागीर गेटाबाहेर.

१९५९ ला अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला. पुण्याच्या विजयानंद थेटरात तो १३१ आठवडे चालला. त्याआधी १९४७ चा 'लोकशाहीर रामजोशी', नंतर १९७२ चा रंगीत 'पिंजरा'. तमाशा सगळा पडद्यावर गेला. बोर्ड, ढोलकी, शालू, सवाल-जवाब, सगळं. राहिलं काय? ज्यांचा तमाशा होता ती माणसं राहिली. पडद्यावरच्या तमासगिरिणीवर हजारो वॅटचा उजेड आणि त्याच रात्री जत्रेतल्या खऱ्या फडात तिकिटाच्या हिशोबानं मोजलेलं रॉकेल.

मग आपली काही पोरं त्या मोठ्या उजेडाकडं निघाली. नाशिक रस्त्यावरनं मुंबई काही लांब न्हाई. फडात जनरेटर सांभाळलेला, फोकस बांधलेला, वायरीचा जोड तोंडानं सोलून काढणारा पोरगा स्टुडिओत जाऊन काय करतो? पहिले कैक महिने तो केबल ओढतो. लोखंडी स्टँड खांद्यावर, वाळूच्या पिशव्या उचल, थर्माकोल धर. दिव्यांची नावं पाठ कर : बेबी एक किलोवॅटची, ज्युनियर दोन, सिनियर पाच, टेनर दहा. नावं कशी घरातल्या लेकरांसारखी. आणि भाजतात कशी ते हात लावणाऱ्याला विचारा. जुन्या आर्क दिव्यात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळायच्या, त्या झिजतील तशा पुढं सरकवायला माणूस लागायचा. तंबू टॉकीजच्या मशिनीतही हाच कार्बन, तेव्हा जत्रेत मशिनीपाशी बसलेल्या पोराला तो ओळखीचाच होता. सेटच्या वर टांगलेल्या फळ्यांवर बसायचं, खालनं ओरडा येईल तसा दिवा फिरवायचा. पंखा न्हाई, कारण पंख्याचा आवाज रेकॉर्ड होतो. वरनं माणूस पडला तर पेपरात आतल्या पानावर दोन ओळी.

आणि त्याचं नाव काय? लाइटबॉय. वीस वर्षाचा असो नाहीतर पन्नास वर्षाचा, केस पिकलेत, नात शाळेत जाते, तरी बॉय. आपल्या आज्याला पाटलाचं शेंबडं पोर 'अरे म्हादबा' म्हणायचं, त्यातलाच हा इंग्रजी प्रकार.

युनियनचं कार्ड न्हाई तर काम न्हाई, आणि ओळख न्हाई तर कार्डापर्यंत पोचणं अवघड. १९८१ साली सिने-कामगारांचा कायदा झाला. त्यात लिहिलं होतं की कसबी असो वा बिगरकसबी, अंगमेहनतीचं काम करणाराही सिने-कामगारच, आणि लेखी करार केल्याशिवाय त्याला कामावर घेऊ नये. कल्याणनिधीचाही कायदा त्याच साली झाला. कायदा वाचून मला हसू आलं. माझ्या ओळखीचा एक जण तीन हंगाम दिवे उचलून आला. त्यानं कराराचा कागद कधी पाहिला न्हाई. शेवटच्या पंधरा दिवसांचे पैसे आजवर आले न्हाईत. हल्ली एलईडी आल्यात. दिवा हलका झाला, भाजणं कमी झालं. चार माणसांच्या जागी दोन लागतात, हेही झालं.

एक तांत्रिक गोष्ट, पण ती आपल्या कामाची आहे. फोटोच्या रंगीत फिल्मचा समतोल बसवायला कोडॅक कंपनी गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड प्रयोगशाळांना पाठवायची. तिची कातडी नीट आली की फिल्म नीट. काळ्या माणसाचा चेहरा त्यात डांबरासारखा सपाट यायचा. काळ्या लोकांनी तक्रार केली म्हणून हे बदललं न्हाई. साठ-सत्तरच्या दशकात चॉकलेटवाल्यांनी आणि फर्निचरवाल्यांनी तक्रार केली की आमच्या मालातले तपकिरी रंग वेगळे दिसत नाहीत, तेव्हा कंपनी हलली. यंत्राला जात नसते असं म्हणणाऱ्या कॉम्रेडला हे ऐकवा. २०१३ च्या नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त जब्याचा उन्हानं रापलेला चेहरा पडद्यावर आहे तसा दिसला, त्याला पावडर फासलेली नव्हती. थेटरात माझ्या शेजारचं पोरगं कुजबुजलं, "ह्यो तर आपल्यातला."

बाबासाहेबांचं काय म्हणणं होतं, असं तुम्ही विचाराल. पठ्ठे बापूरावांनी तमाशाचे पैसे महाडच्या सत्याग्रहाला देऊ केले आणि आपल्या बायका नाचवून मिळालेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ते परत केले, अशी हकिकत सांगतात. पवळाबाई हिवरगावची, म्हंजे आपल्या तालुक्याला लागून असलेल्या संगमनेरची. नकार बरोबरच होता. पण ह्या नकाराच्या जोडीनं दुसरं एक पान वाचायचं राहून जातं. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज त्यांच्याच खात्यात होती. १९४४ ला सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड झालं ते त्यांच्याच काळात. वीज मुबलक आणि स्वस्त मिळाल्याशिवाय ह्या देशातलं दारिद्र्य हटणार न्हाई, हे ते आकडे मांडून सांगत होते. म्हणून आपल्या वस्तीतला पोरगा आयटीआयला वायरमनचा ट्रेड घेतो तेव्हा त्याला हलकं समजू नका. कवितेपेक्षा ते कमी न्हाई. हे मी कवी असून लिहितोय.

आंबेगाव तालुक्यात तर उजेडाची गोष्ट आणखी कडू आहे. महाळुंगे पडवळचा बाबू गेनू, मुंबईत गिरणी कामगार, १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवा झाला आणि चिरडला गेला. घोड नदीवर डिंभ्याला धरण झालं, त्या पाण्याला त्याचं नाव दिलं. त्याच पाण्याखाली जुनं आंबेगाव आणि आदिवासींच्या वाड्या गेल्या. धरणाच्या पायथ्याला वीजघर आहे. तारा घोडेगावच्या बाजूनं खाली उतरतात. त्या तारांखालनं आमची एसटी जाते, आणि मी दरवेळी मान वर करून बघतो.

आता काम. पुढच्या अंकात दोन पानं मोकळी ठेवलीत. तुमच्या गावात, वस्तीत, नात्यात जो कुणी फडात, तंबू टॉकीजमध्ये, वरातीत, जलशात, स्टुडिओत बत्ती धरत होता, त्याला गाठा. म्हातारे थकलेत, उशीर करू नका. कुठल्या साली, कुणाच्या फडात, रात्रीचे किती मिळायचे, हात कुठं भाजला, एवढं विचारून या. छापायला त्याची परवानगी घ्या. आणि निबंध लिहू नका, तो बोलला तसंच उतरवा.