साखरेच्या रेषेची परंपरा

लग्नाच्या मांडवात मध्यभागी विराजमान होणारा शुभ्र केक आपल्या समाजाला अपरिचित नाही. त्याच्या कडेवरील शिंपले, झालर आणि गुलाब यांचे सारे कौतुक करतात. परंतु ती नक्षी काढणारा हात कसा घडला, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो. दुकानाच्या चार भिंतींत राहिलेली एक विद्या घराघरांत कशी पोहोचली, याची ही हकिगत आहे.

१७६९ साली मँचेस्टरच्या एलिझाबेथ रॅफल्ड यांनी आपल्या पाकग्रंथात वधूच्या केकवर प्रथम बदामाचा व त्यावर साखरेचा थर देण्याची कृती छापली. शोभेच्या आकृती त्या काळी साखरेचा लगदा साच्यात दाबून वेगळ्या घडवीत. १० फेब्रुवारी १८४० रोजी झालेल्या राणी व्हिक्टोरियाच्या विवाहाचा केक सुमारे ३०० पौंडांचा होता. त्यावरही अशाच घडीव मूर्ती होत्या. कोनातून नक्षी सोडण्याची कला बहरली ती त्या शतकाच्या उत्तरार्धात.

या कलेला साहित्य थोडेच लागते : अंड्यातील पांढरा भाग आणि वस्त्रगाळ साखर. ती घोटून केलेले रॉयल आयसिंग वाळले की कठीण होते. अवघड आहे तो हाताचा अंदाज. मेंदीच्या कोनाप्रमाणेच येथेही मुठीचा दाब, हाताचा कल आणि गती यांचा मेळ बसावा लागतो. रेघ संपताना आधी दाब थांबवून मग हात उचलावा. नाहीतर फुलाला शेपूट फुटते. म्हणून शिकणारा पालथ्या भांड्यावर रेघा काढतो, त्या खरवडतो आणि तेच मिश्रण पुन्हा भरतो. आपण पाटीवर अक्षरे गिरवली, तसेच हे गिरवणे होय.

ही विद्या पूर्वी प्रामुख्याने उस्तादाकडून उमेदवाराकडे जात असे. १८९४ साली लंडनच्या बरो पॉलिटेक्निकमध्ये नॅशनल बेकरी स्कूल सुरू झाले आणि बेकरीच्या धंद्याला शाळा मिळाली. १९२९ मध्ये ड्यूई मॅकिन्ली विल्टन यांनी शिकागोत केकसजावटीचे वर्ग आरंभले. १९३४ मध्ये जोसेफ लॅम्बेथ यांचा ग्रंथ निघाला. वाळलेल्या रेघेवर पुन्हा रेघ चढवून उठाव आणण्याची पद्धत आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पुढे युद्ध आले. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून साखर शिधापत्रिकेवर गेली आणि त्याच वर्षी केकवर आयसिंग करण्यास बंदी झाली. नववधूच्या साध्या केकवर पुठ्ठ्याचे नक्षीदार आवरण ठेवण्याची वेळ आली. १९४७ साली राजकन्या एलिझाबेथ यांच्या ९ फूट उंच केकसाठीही ऑस्ट्रेलियातील गर्ल गाइड्सनी सामग्री पाठविली होती. साखरेवरील नियंत्रण उठले ते सप्टेंबर १९५३ मध्ये. इतकी वर्षे सामग्रीचा दुष्काळ पडूनही ही कला लोपली नाही, कारण ती शिकलेले हात शाबूत होते आणि आता ती ग्रंथांतही उतरली होती.

आज आपल्याकडे अनेक भगिनी प्रथम कम्युनियनचे, नाताळाचे केक घरीच सजवून संसाराला हातभार लावतात. क्रमांक घातलेली नोझले बाजारात विकत मिळतात. हाताचा दाब मात्र कोणीतरी शेजारी उभे राहून शिकवावा लागतो. ज्यांना तो साधला आहे त्यांनी एखाद्या तरी मुलीला आपल्याजवळ बसवून घ्यावे.