कोळसा आणि पाण्याची चव

बीड शहराच्या दक्षिणेस सुमारें ६ किलोमीटरांवर खजाना विहीर आहे. मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दींत (१५६५ ते १५८८) बीडचा जहागीरदार सलाबतखान यानें ती बांधविली. तिची रचना राजा भास्कर यानें केली, असें सांगतात. तिच्यांत पाणी भुयारी कालव्यांनीं येतें आणि भुयारांतूनच शेतांकडे जातें. वाटेंत त्यास ऊन फारसें लागत नाहीं, म्हणून शेवाळास वाव नाहीं.

आजचें बीड मात्र बिंदुसरा आणि माजलगांव येथील उघड्या जलाशयांचें पाणी पितें. उन्हांत सांठलेल्या अशा पाण्यांत निळें-हिरवें शेवाळ वाढलें, कीं त्यास मातकट वास येऊं शकतो. त्यास कारण होणाऱ्या द्रव्यास १९६५ साली 'जिऑस्मिन' हें नांव मिळालें. पहिल्या पावसाचा मृद्गंध तो हाच! अंगणांत हवाहवासा, पेल्यांत नकोसा. एका लिटरांत ग्रॅमचा दहा-कोटावा अंश असला, तरी नाक तो ओळखतें. तुरटीनें गाळ बसतो, क्लोरिननें जंतु मरतात. हा वास दोहोंनाहि दाद देत नाहीं. मग वासाला कंटाळून माणसें चवीला गोड, पण अशुद्ध विहिरीकडे वळतात, हा खरा धोका.

यावर तोडगा कोळशाचा. १७८५ साली रशियांत लोविट्झ या रसायनज्ञास कोळशाचा रंग शोषण्याचा गुण आढळला. पुढें विलायतेंत हाडांच्या कोळशाचीं गाळणीं घरोघर झालीं. आपल्या सोवळ्यांत हाडें कशीं चालावीं? आपल्याकडे तिवईवर एकावर एक मडकीं, त्यांत लांकडी कोळसा आणि वाळू.

१८८५ साली लंडनमध्यें पर्सी फ्रँकलंड यानें हाडांच्या कोळशाची परीक्षा घेतली. ताजा कोळसा जंतु अडवी. परंतु महिनाभरानें गाळलेल्या पाण्यांत मूळच्याहून अधिक जंतु निघाले! कोळशाची अब्रूच गेली.

गंमत अशी, कीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींतील जलशुद्धिकारांनीं याच दोषाचा उपयोग केला. आधीं ओझोन वायूनें पाण्यांतील सेंद्रिय द्रव्यें फोडावयाचीं, मग पाणी कोळशांतून सोडावयाचें. कोळशावर वसलेले निरुपद्रवी जंतु तीं द्रव्यें खातात, जिऑस्मिनहि खातात. त्यामुळें कोळसा पुष्कळ दिवस टिकतो. शेवटीं मात्र जंतुनाशन करावेंच लागतें. घरच्या मडक्यांना ही शेवटची पायरी नसते; तेव्हां त्यांचा कोळसा वेळच्यावेळीं बदलावा आणि गाळलेलें पाणी उकळून घ्यावें.