झऱ्यांची वाट

ऑस्ट्रेलियाचा नकाशा उलगडला की दृष्टी प्रथम काठाकडेच जाते. सिडनी, मेलबर्न, पर्थ ही सारी नगरे समुद्राला बिलगून बसलेली; मधला भाग कोराच वाटतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातील मारी या खेड्यापासून वायव्येस मार्लापर्यंत जाणारा ऊडनाडाटा मार्ग याच कोऱ्या भागातून जातो. सुमारे ६२० किलोमीटरांचा हा कच्चा रस्ता आम्ही मोटारीने आक्रमिला. एवढ्या ओसाड मुलखात पाहण्यासारखे काय, असे कोणी विचारील, तर आमचे उत्तर एकच: पाणी.

या मुलखाखाली सुमारे १७ लाख चौरस किलोमीटरांचा भूजलसाठा पसरला आहे. जेथे भूमीला भेग सापडते तेथे दाबाखालचे पाणी उसळून वर येते, आणि त्याने आणलेले क्षार व गाळ तोंडाशी साचून टेकाडे तयार होतात. ब्लांश कप नावाच्या अशा एका टेकाडाच्या माथ्यावर चढले असता वाटोळे तळे दिसते आणि भोवती क्षितिजापर्यंत एकही झाड दिसत नाही. अशा झऱ्यांची रांगच्या रांग येथे आहे. तीच अरबाना लोकांची व त्यांच्या शेजाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट. गेरूच्या व्यापारासाठी माणसे येथून शेकडो कोस चालत.

जॉन मॅक्डूआल स्टुअर्ट हा झऱ्यांच्या याच आधाराने उत्तरेकडे सरकला व १८६२ साली खंड ओलांडून उत्तर किनाऱ्यास पोहोचला. त्याच्या मागोमाग तारायंत्राची ओळ आली. ती १८७२ साली पुरी झाली. तिच्यावरून निघालेली लंडनची तार डार्विनहून समुद्राखालून जावा, सिंगापूर, मद्रास, मुंबई अशी जाई. म्हणजे आमचे शहरही या वाटेवरचे एक ठाणेच होते! पुढे आगगाडी आली. वाफेच्या एंजिनासही पाणी लागतेच; म्हणून तीही झऱ्यांजवळूनच धावली व १८९१ साली ऊडनाडाटास पोहोचली. इतिहासग्रंथ या साऱ्याचे श्रेय स्टुअर्टच्या शोधास देतात. परंतु ज्या वाटेवर माणसे आधीच चालत होती, तिचा शोध लागतो म्हणजे काय, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

दुसरे एक ऋणही असेच विसरले गेले. तारेचे सामान, पिठाची पोती, लोकरीचे गठ्ठे वाहून नेले ते उंटांनी. १८६६ च्या सुमारास टॉमस एल्डर याने शंभराहून अधिक उंट व त्यांचे ३१ हाके कराचीहून आणविले. कराची त्या काळी मुंबई इलाख्यात होती, हे आमच्या वाचकांनी ध्यानी घ्यावे. या लोकांत बलुची, पठाण, पंजाबी, सिंधी असे सर्वच होते. गोऱ्यांनी सरसकट त्यांस ‘अफगाण’ म्हटले. मारी गावात लोहमार्गाच्या एका अंगास गोरे राहत आणि दुसऱ्या अंगास हे उंटवाले व मूळचे रहिवासी. अस्पृश्यांचे वाडे गावाबाहेर ठेवणाऱ्या आमच्या समाजास ही मांडणी अपरिचित वाटण्याचे कारण नाही. बेजा दरवेश हा बलुची १८९६ च्या कॅल्व्हर्ट मोहिमेत वाळवंटातून उंट घेऊन गेला. मोहिमेचा नायक वेल्स याने आपले होकायंत्र त्यास भेट दिले. हा मान एकीकडे, आणि १९०१ चा गोऱ्यांखेरीज इतरांस दार लावणारा कायदा दुसरीकडे! बेजा १९५७ साली वारला. तोवर मोटारींनी उंटांचे काम संपविले होते. मोकाट उंट मारण्याची मुभा देणारा कायदा १९२५ सालीच झाला; पुष्कळ मालकांनी आपली जनावरे रानात सोडून दिली. त्यांची प्रजा आज वाळवंटभर हिंडते.

आगगाडीही गेली. पुरांनी रूळ वारंवार वाहून जात, आणि डिझेल एंजिनास झऱ्यांची गरज उरली नव्हती. १९८० साली नवा लोहमार्ग पश्चिमेकडून नेण्यात आला. स्ट्रँगवेज येथे तारठाण्याच्या दगडी भिंती तेवढ्या उभ्या आहेत.

२०१२ साली न्यायालयाने या भूमीवरील अरबाना लोकांचा परंपरागत हक्क मान्य केला. त्याच वर्षी तेथील विशाल खाऱ्या सरोवरास, एअर या गोऱ्या प्रवाशाच्या नावाच्या जोडीने, काटी थांडा हे मूळचे नाव अधिकृतपणे मिळाले. पाण्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. दक्षिणेकडील ऑलिंपिक डॅम या तांबे व युरेनियमच्या खाणीसाठी याच भूजलातून पाणी उपसले जाते, आणि आपले झरे मंदावत आहेत अशी अरबानांची तक्रार आहे.